पक्षाने युती बदलली आणि काकांचं मतही बदललं, ते कसं?

एका पुतण्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. काका निवृत्त मुख्याध्यापक. रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे, हिशेबाला पक्के, वर्षानुवर्षं एकाच पक्षाचे समर्थक. ज्या पक्षाला ते जन्मभर नावं ठेवत आले, त्याच्याशीच त्यांच्या पक्षाने हातमिळवणी केली. महिन्या-दीड महिन्यात काका त्या युतीची तरफदारी करू लागले, आणि तीही आपलं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं अशा थाटात. हे ढोंग आहे, वयाचा परिणाम आहे, की मानसशास्त्राकडे याचं काही उत्तर आहे? आणि त्यांच्याशी बोलायचं कसं?

प्रश्नात पक्षाचं नाव नाही, आणि असतं तरी उत्तर हेच राहिलं असतं. नोव्हेंबर 2019 मध्ये शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर गेली, जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादीतला एक गट भाजपबरोबर सत्तेत बसला. चार वर्षांत राज्यातल्या चारही मोठ्या पक्षांच्या समर्थकांवर कालच्या शत्रूला जवळ करायची पाळी आली. सामाजिक मानसशास्त्र शिकवणाऱ्या आणि मतदार-पाहण्यांच्या प्रश्नावल्या बनवणाऱ्या माझ्यासारख्याला असा प्रसंग एरवी मुद्दाम घडवून आणावा लागतो; इथे तो आपोआप घडला.

आधी सरळ उत्तर देतो. काका ढोंग करत नाहीत. ढोंग करणाऱ्याला आपण ढोंग करतोय हे ठाऊक असतं. काकांना खरोखर पटलेलं आहे. आपली समजूत अशी असते की माणूस आधी मुद्द्यांचा विचार करतो आणि मग त्या मुद्द्यांच्या जवळचा पक्ष निवडतो. बहुतेकांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. आधी 'आपली माणसं' ठरतात, बहुधा घरात, आळीत, कॉलेजात. मुद्दे मागाहून येतात, आणि तेही त्या आपल्या माणसांकडूनच.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा जेफ्री कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 2003 मध्ये दिला. त्याने उदारमतवादी आणि रूढिवादी अशा दोन्ही कलांचे विद्यार्थी घेतले आणि त्यांना गरीब कुटुंबांना मदत देणाऱ्या योजनेचा मसुदा वाचायला दिला. एका मसुद्यात एक मूल असलेल्या कुटुंबाला महिन्याला सुमारे 800 डॉलर होते, दुसऱ्यात 250. नुसता मसुदा दिला तेव्हा सगळं अपेक्षेप्रमाणे झालं: उदारमतवाद्यांना सढळ योजना आवडली, रूढिवाद्यांना आखूड. मग काही जणांना मसुद्याबरोबर एक ओळ जास्तीची दिली, की तुमच्या पक्षाचा या योजनेला पाठिंबा आहे, समोरच्यांचा विरोध आहे. त्या एका ओळीने रकमेचं महत्त्वच संपवलं. आपल्या पक्षाची म्हटल्यावर उदारमतवाद्यांना आखूड योजना पटली आणि रूढिवाद्यांना सढळ. गंमत पुढे आहे. तुम्ही मत कशावरून बनवलंत असं विचारल्यावर विद्यार्थी म्हणाले, योजनेचा तपशील वाचून. पक्षाचा प्रभाव पडतो तो इतरांवर, विशेषतः समोरच्या बाजूच्या लोकांवर, असंही त्यांनी सांगितलं.

काका जे करतायत ते हेच. आणि पुतण्याने स्वतःला यातून वगळू नये. 'ते वाहावत गेले, मी मात्र विचार करतो' हे वाक्य कोहेनच्या प्रयोगात दोन्ही बाजूंच्या मुलांनी म्हटलेलं आहे. प्रश्नावलीत पक्षाचा प्रश्न कुठे ठेवायचा यावरून आम्हा पाहणीवाल्यांत वाद होतात, ते याचमुळे. तो आधी विचारला की पुढची सगळी उत्तरं पक्षाच्या रंगात बुडून येतात.

'आपली माणसं' हा धागा इतका चिवट का, याचा शोध मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये घेतला. हा माणूस मूळचा पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती लागला आणि फ्रेंच युद्धकैदी म्हणून वाचला. परतल्यावर कळलं की घरची माणसं मारली गेली. माणसं गटागटांत का वाटली जातात हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता पुस्तकी नव्हता. त्यांनी 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांना पाउल क्ले आणि कान्डिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार दोन गट पाडल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे कुणाला माहीत नव्हतं, जुनं भांडण नव्हतं, स्वतःच्या खिशात काही पडणार नव्हतं. फक्त दोन अनोळखी मुलांना गुण वाटून द्यायचे होते, एक आपल्या गटातला, एक दुसऱ्या गटातला. एका टोकाला आपल्या गटातल्याला 19 आणि त्यांच्यातल्याला 25, दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला 7 आणि त्यांच्यातल्याला 1, मधे इतर पर्याय. आपल्या गटाचं भलं हवं असेल तर 19 घ्यावेत, सरळ हिशेब आहे. पण मुलं फरकाच्या बाजूला ओढली गेली. आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे.

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळून पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. रस्ता आपल्या वस्तीला नाही आला तरी चालेल, त्यांच्या वस्तीला जाता कामा नये, हे आपण ऐकलेलं असतं. ताजफेलचं म्हणणं इतकंच की एवढ्या ईर्षेसाठी पिढ्यांचं वैर लागत नाही. गटाचं नाव पुरतं.

इथे महाराष्ट्रापुरती एक दुरुस्ती करायला हवी, कारण हे बहुतेक संशोधन दोन पक्षांच्या अमेरिकेत झालेलं आहे. तिकडे माणूस पक्षाला बांधलेला असतो. आपल्याकडे पुष्कळदा तो नेत्याला बांधलेला असतो. 'मी साहेबांचा माणूस', 'आम्ही दादांचे', 'भाऊ जिकडे तिकडे आम्ही' ही वाक्यं निष्ठेचा पत्ता नेमका सांगतात. कारखाना, दूध संघ, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांच्यातून ही नाती दोन-तीन पिढ्या विणलेली असतात. नेता पक्षासकट उठून दुसरीकडे गेला तर अशा माणसाच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. 2022 आणि 2023 मधल्या दोन्ही फुटींत म्हणूनच भांडण धोरणावर झालं नाही. खरा पक्ष कोणता, नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, वारसदार कोण आणि गद्दार कोण, यावर झालं. बाहेरच्या निरीक्षकाला ते पोकळ वाटलं असेल. माझ्या मते लोक अगदी मूळ मुद्द्यावर भांडत होते: 'आपण' म्हणजे कोण.

पण सगळंच मानसशास्त्रावर ढकलू नये. आमच्या व्यवसायातल्या लोकांना ही खोड आहे. जायकवाडीचं पाणी घ्या. नाथसागरात पाणी कमी असलं की वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली सोडायचं की नाही, यावर दर टंचाईच्या वर्षी वाद पेटतो, आणि 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाचा दाखला दिला जातो. त्या वेळी पक्ष विरघळतात. नगर-नाशिककडचे सगळ्या पक्षांचे पुढारी एका बाजूला, मराठवाड्यातले सगळ्या पक्षांचे दुसऱ्या बाजूला. उसाला पाणी आणि प्यायला पाणी हे खरे हितसंबंध आहेत. ते दाराशी आले की माणूस पक्षाचं ऐकून मत बनवत नाही. पक्षाचा शब्द सगळ्यात जास्त चालतो तो जिथे आपल्या घराला थेट झळ लागत नाही तिथे. युती कुणाशी केली हा प्रश्न काकांसाठी त्या प्रकारचा आहे. त्यांचं पेन्शन त्याने कमी-जास्त होत नाही.

'पण ते इतके शिकलेले आहेत' ही तक्रार मी हमखास ऐकतो. शिक्षणाने हा रोग जात नाही, कधी कधी तर तो जास्त कौशल्याने चालतो. डॅन काहान या अमेरिकन संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना सांगितलं, हे त्वचेवरच्या पुरळावरच्या मलमाचे आकडे आहेत. काहींना तेच आकडे बंदूकबंदी आणि गुन्हेगारीचे म्हणून दिले. तक्ता फसवा होता, वरवर पाहिला की उलटं उत्तर येई. मलमाच्या वेळी गणित चांगलं असणाऱ्यांनी तो बरोबर सोडवला. बंदुकीच्या वेळी मात्र त्याच हुशार लोकांत बाजू पाहून उत्तरं वेगळी आली: आकडे आपल्या विरोधात दिसले की ते पुन्हा तपासायचे, बाजूने दिसले की तिथेच थांबायचं. नंतर इतरांनी केलेल्या तपासण्यांत हुशार लोकांमधली ही दरी दर वेळी इतकी ठळक निघाली नाही, तेव्हा 'शिकलेले जास्त आंधळे' असा निष्कर्ष काढू नका. शिक्षण आपोआप वाचवत नाही, एवढंच धरून चला. काका हिशेबाला पक्के आहेत म्हणूनच त्यांच्याकडे नव्या युतीसाठी सहा कारणं तयार असतील. कमी शिकलेला माणूस सरळ म्हणेल, 'आमचे गेले म्हणून आम्ही गेलो.'

आता 'पहिल्यापासून हेच म्हणणं होतं' या भागाकडे येऊ. यामागे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1957 चा सिद्धांत आहे, कॉग्निटिव्ह डिसोनन्स, म्हणजे मनातला विसंवाद. दोन न जुळणाऱ्या गोष्टी मनात एकत्र राहिल्या की माणसाला अस्वस्थ वाटतं आणि तो त्यातली सोपी असेल ती बदलतो. हा सिद्धांत सुचण्यात भारताचा हात आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. 15 जानेवारी 1934 ला बिहार-नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. हादरे बसले पण पडझड झाली नाही अशा भागात अफवा पसरत होत्या त्या याहून भयंकर काही येणार आहे अशा. फेस्टिंजरला कोडं पडलं: घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टींवर का विश्वास ठेवतील? त्याचं उत्तर असं की भीती आधीच आलेली होती, पण आजूबाजूला ती पटण्यासारखं काही दिसत नव्हतं. अफवांनी भीतीला कारण पुरवलं. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर केलेल्या पाहणीतून याची दुसरी बाजू दिसली. तिथे नुकसान डोळ्यांसमोर होतं, आणि आणखी मोठं संकट येणार असल्या अफवा तिथे सापडल्या नाहीत. भीतीला कारण हजर होतं.

भावना आधी आणि कारण मागाहून, हा क्रम एकदा लक्षात आला की व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड वेगळे दिसू लागतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. संदेश खोटा होता हे खरं, पण अनोळखी, भटक्या माणसाबद्दलचा संशय त्या संदेशाने निर्माण केलेला नव्हता. तो आधीपासून होता, संदेशाने त्याला कारण दिलं. राजकीय फॉरवर्डचंही असंच असतं. काका ते वाचून मत बनवत नाहीत. बनलेल्या मताला आधार मिळाला म्हणून पुढे पाठवतात.

युतीच्या वेळी काकांच्या मनात काय न जुळणारं होतं? एकीकडे 'माझा पक्ष तत्त्वाचा', दुसरीकडे 'माझा पक्ष त्यांच्याबरोबर गेला'. पक्ष सोडणं महाग आहे. तीस-चाळीस वर्षांची ओळख त्यात गुंतलेली आहे. सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला तर ते आणखी महाग पडतं. जितकं सोसलं तितका सोडायला जीव होत नाही. युतीबद्दलचं मत बदलणं त्यामानाने स्वस्त, म्हणून तेच बदलतं. आणि स्मरणशक्ती मदतीला धावून येते. ग्रेगरी मार्कस यांनी 1986 मध्ये मांडलेल्या अभ्यासात एकाच लोकांची राजकीय मतं 1973 आणि 1982 मध्ये नोंदवलेली होती. 1982 मध्ये त्यांना विचारलं, 1973 मध्ये तुमचं मत काय होतं? लोकांनी सांगितलेलं जुनं मत हे त्यांच्या खऱ्या जुन्या मतापेक्षा आजच्या मताला जास्त जवळचं होतं. जुनी कात्रणं काढून काकांना खोटं पाडायला जाल तर त्यांना खरोखरच वाटेल की तुम्ही संदर्भ सोडून बोलताय.

वयाचं म्हणाल तर राजकीय मतांचा मोठा भाग म्हातारपणी नाही, तारुण्यातच घडतो. अमेरिकेतल्या बेनिंग्टन कॉलेजात 1930 च्या दशकात थिओडोर न्यूकम यांनी पाहिलं की रूढिवादी, श्रीमंत घरांतल्या मुली तिथल्या वातावरणात उदारमतवादी होत गेल्या. पंचवीस-एक वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं तेव्हा बहुतेकींची मतं टिकलेली होती. आणि टिकली ती मुख्यतः ज्यांचे नवरे नि मैत्रिणी त्याच विचारांच्या होत्या त्यांची. आपल्याकडे आणीबाणीत किंवा 1982 च्या गिरणी संपात विशीत असलेल्यांशी बोलून पाहा. त्या वर्षांत कुणाच्या बाजूने उभे होते ते आजही त्यांच्या बोलण्यात येतं. तेव्हा काकांचं वय पाहण्यापेक्षा त्यांचा कट्टा पाहा. सकाळी फिरायला कुणाबरोबर जातात? वाचनालयात शेजारी कोण बसतं? युतीला नावं ठेवणारे काका उद्यापासून त्या बाकावर परके होतील, आणि निवृत्तीनंतर ही किंमत फार मोठी असते.

राहिलं बोलायचं कसं. वस्तुस्थिती दाखवली की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो, असं 2010 पासून फार ऐकू येत होतं. ते बहुतेक वेळा खरं नाही. वुड आणि पोर्टर या अमेरिकन संशोधकांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर 52 विषय तपासले. माणसं चूक दाखवली की माहिती साधारण दुरुस्त करतात. अडचण वेगळीच आहे. माहिती दुरुस्त होते, आवड तशीच राहते. ट्रम्प यांच्या समर्थकांनी त्यांचं विधान चुकीचं असल्याचं मान्य केलं, पण नेता तेवढाच आवडत राहिला. भारतातला अनुभव आणखी सावध करणारा आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये सुमारे 1,200 लोकांना घरी जाऊन तासभर खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात हे शिकवलं. एकंदरीत फरक पडला नाही. सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांत तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखण्याचं प्रमाण उलट घटलं. तासाभराच्या शिकवणीने निष्ठा हलत नाही.

काहीसं चाललेलं तंत्र वेगळं आहे, आणि त्यामागची हकीकत सांगण्यासारखी आहे. 2014 मध्ये एका गाजलेल्या संशोधनात दावा होता की दारावर वीस-एक मिनिटं बोलून समलिंगी विवाहाबद्दलचं मत बदलता येतं. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काल्ला यांनी त्याच धर्तीवर काम सुरू केलं, तेव्हा आकडे बनावट असल्याची शंका त्यांना आली. ती खरी ठरली आणि 2015 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. मग या दोघांनी मायामीत हा प्रयोग प्रामाणिकपणे केला, तृतीयपंथी व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहावर. सुमारे दहा मिनिटांच्या संभाषणाने पूर्वग्रह थोडा कमी झाला आणि तीन महिन्यांनीही तो परिणाम दिसत होता. त्यात युक्तिवाद जवळपास नव्हता. समोरच्याला प्रश्न विचारायचे, न्यायनिवाडा न करता ऐकायचं, आणि 'लोकांनी आपल्याला वेगळं म्हणून वागवलं' असा त्याचाच एखादा अनुभव त्याच्याकडून काढून घ्यायचा.

काकांच्या बाबतीत याचा अर्थ असा. कुटुंबाच्या ग्रुपवर अजिबात वाद घालू नका. तिथे आत्या, मामा, जावई असे प्रेक्षक बसलेले असतात आणि काकांना त्यांच्यापुढे बाजू राखावी लागते. दोघंच असाल तेव्हा बोला. 'तुम्ही तेव्हा असं म्हणाला होतात' हे वाक्य टाळा. त्याऐवजी, पक्षाचा एखादा निर्णय पटला नाही असं कधी झालं का, तेव्हा काय केलंत, हे विचारा. जुन्या समर्थकाकडे असा किस्सा बहुधा असतोच, आणि तो त्याने स्वतः सांगितला तर पक्षाशी इमान राखूनही नापसंती बाळगता येते ही वाट त्याची त्यालाच दिसते. तुमच्या पक्षाचा न पटलेला निर्णयही सांगून टाका. नुसती उलटतपासणी झाली तर ते बरोबर ओळखतील, शेवटी मुख्याध्यापक आहेत. आणि वेळ पाहा. काल्ला आणि ब्रूकमन यांनीच 2018 मध्ये अमेरिकेतल्या 49 प्रचार-प्रयोगांचा हिशेब मांडला: सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने मत वळण्याचं सरासरी प्रमाण जवळपास शून्य. मतदान जवळ आलं की माणूस आपापल्या बाजूला जाऊन उभा राहतो. तेव्हा आचारसंहिता लागायच्या बऱ्याच आधी बोला, नाहीतर निकाल लागून महिनाभर जाऊ द्या.